गुरुवारचे बटाटे

एल्सबाच्या दाराला कुलूप नाही. आमच्या फेरो बेटांवर कुलूप कुणीच लावत नाही, पण एल्सबाच्या दाराला ते बसवलेलंच नाही. तिचा नवरा सुतार होता. दार बसवताना तो म्हणाला होता, कुलपाचं नंतर बघू. त्यानंतर त्याने अर्ध्या गावाची दारं बसवली, आणि एका वसंतात डोंगरावर मेंढ्या हाकताना छातीत कळ येऊन तो गेला. कुलपाचं अजून बघायचं आहे.

त्यामुळे लोक थेट आत येतात. एल्सबा स्वयंपाकघरात दिसली तर कॉफी घेतात, नाही दिसली तर तळघरात उतरून फ्रीजरमधून हवं ते काढून नेतात. शेजारचा हानुस तर देवमाशाच्या मांसातला आपला वाटाही तिच्याच फ्रीजरमध्ये ठेवतो, कारण त्याचा स्वतःचा फ्रीजर मेंढ्यांनी भरलेला असतो. हानुस जन्मभर अविवाहित राहिला. घरात बायको असती तर फ्रीजरमध्ये जागा झाली असती, असं एल्सबा म्हणते.

एल्सबा आमच्या मासळीच्या कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाकीण होती. मी त्याच कारखान्यात हिशेबनीस आहे, पाळ्याही मीच लावतो. तिच्या हातचं मी जितकं जेवलो तितकं माझ्या आईच्या हातचंही जेवलो नसेन. कुणी ताटात अन्न टाकलं तर ती रागवायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात आधी तेच वाढायची. कारखान्याचे एक व्यवस्थापक डेन्मार्कहून आले होते, ते मेंढीचं आंबवलेलं मांस बाजूला सारायचे. वसंत लागेपर्यंत ते खायला शिकले. परत गेल्यावर तिकडून मागवतात, असं ऐकलं.

माझी बायको तिची मावसबहीण. बायको गेल्यावर एल्सबाने मला विचारलं नाही, सांगितलं: "मिक्याल, गुरुवारी माझ्याकडे जेवायचं." तेव्हापासून मी दर गुरुवारी तिथे असतो. गुरुवारी देवमासा असतो. तिच्या वडिलांनी मासळी विकायला गेले असताना ॲबरडीनहून आणलेलं एक मोठं, जाड पातेलं आहे. त्यात काळं मांस, पांढऱ्या चरबीचे जाड काप आणि सालासकट बटाटे असं सगळं एकदम शिजतं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच शिजतं. वेगळं शिजवणं म्हणजे उगीच दोन भांडी घासणं.

गुरुवारचं आणखी एक कारण होतं, आणि खरं कारण तेच होतं. एल्सबाची सून बीरिता कारखान्यात मासे कापायच्या पट्ट्यावर काम करते आणि गुरुवारी तिची दुसरी पाळी असते. मुलगा ब्रांदूर ट्रॉलरवर, महिनोन्‌महिने बारेंट्स समुद्रात. त्यामुळे गुरुवारी शाळा सुटली की नात लीव आजीकडे यायची आणि झोपेपर्यंत राहायची. लीव सहा वर्षांची. बाकीचे दिवस एल्सबा विणकाम करत काढायची. गुरुवारी सकाळपासून ती खिडकीत उभी राहून विणायची.

लीव पोटात होती तेव्हा बीरिताला तपासायला नेलं, तर एल्सबाही सोबत गेली होती. सुईणीने सगळं नीट समजावून सांगितलं. जगभरातल्या जुन्या कारखान्यांची न कुजणारी रसायनं समुद्रात उतरतात, लहान माशातून मोठ्या माशात जातात, शेवटी देवमाशाच्या चरबीत साठतात आणि आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळापर्यंत पोचतात. तेव्हा चरबी नको, मांसही नको. एल्सबाने ऐकून घेतलं. वाद घालण्याचा तिचा स्वभाव नाही. तिने एकच प्रश्न विचारला, "बटाटे चालतील?"

सुईण हसून म्हणाली, "बटाटे कितीही."

एल्सबाने तो शब्द अक्षरशः पाळला. त्या महिन्यांत बीरिताच्या ताटात मांसाचा एक धागा गेला नाही. नाताळात हानुसने चरबीचा काप तिच्यापुढे धरला, तर एल्सबाने त्याच्या मनगटावर पळी मारली. "ती दोघांचं खातेय. तू एकट्याचं खा." बीरिता बटाटे खायची, आणि एल्सबा सगळ्या गावाला सांगायची, माझी सून नऊ महिने शिस्तीत राहिली.

लीव शाळेत जायला लागली त्या वर्षी सोल्वा आली. राजधानीतल्या संशोधनाचं काम करणारी तिशीतली मुलगी, भाड्याची गाडी, मागच्या सीटवर बर्फाचा डबा. ती एल्सबाकडे आली कारण बीरिता कामावर होती आणि दार उघडं होतं. मी कॉफी पीत होतो.

"तू कुणाची?" एल्सबाने विचारलं.

सोल्वाने दक्षिणेकडच्या बेटावरचं आपल्या आजीचं घर सांगितलं. एल्सबाने मनातल्या मनात ते घर शोधलं, सापडलं, मग खुर्ची पुढे केली.

"लीवची शी हवी आहे," सोल्वा म्हणाली.

"कशाला?"

"तिच्या आतड्यात कोणते जीवाणू राहतात ते बघायला. ती जन्मली तेव्हा नाळेतलं रक्त घेतलं होतं. पोटात असताना आईकडून जे आलं, त्याने मुलांच्या आतड्यातल्या वस्तीत काही फरक पडतो का, ते आता पाहायचंय."

"किती हवी?"

"चमचाभर. या डबीत भरायची आणि लगेच फ्रीजरमध्ये ठेवायची. मी पुढच्या गुरुवारी येऊन नेईन."

"आणि चमचाभरासाठी सगळ्या बेटांवर फिरतेस?"

"हो."

"आईला काय सांगतेस, काय काम करतेस म्हणून?"

"आरोग्याचं, असं सांगते."

"बरं करतेस," एल्सबा म्हणाली आणि तिला रव्याचा केक वाढला.

बीरिताने होकार दिला. तिला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं, कारण लीवचं पोट अधूनमधून दुखायचं. डबी मात्र आजीकडेच राहिली. शनिवारी लीवला मुद्दाम आणून बसवलं. पण सगळं घर ज्याची वाट बघतंय ते मूल करत नाही. एल्सबा विणत संडासाच्या दाराबाहेर उभी, बीरिता जिन्यावर, मी वर्तमानपत्रामागे.

हानुस आत आला. "झाली का?"

"नाही."

"मग माझी न्या म्हणावं. सकाळी नेमाने असते."

"तू आईच्या पोटात होतास तेव्हा तुझं कुणी काही मोजलं होतं का?"

"त्या काळात नुसतं मोजायचे, किती पोरं झाली ते."

आतून लीव ओरडली, "तुम्ही बोलताय म्हणून येत नाहीये!" सगळे गप्प झालो. हानुसने टोपीही काढली. बऱ्याच वेळाने आतून "ओम्मा, झाली," अशी हाक आली. आमच्याकडे आजीला ओम्मा म्हणतात; लीवमुळे बीरिताही एल्सबाला तेच म्हणते. ती हाक ऐकून आम्ही चौघं मोठी माणसं जितके खूश झालो, तितके ट्रॉलर भरून आल्यावरही होत नाही.

डबी फ्रीजरमध्ये ठेवायची तर हानुसची भीती. तो न बघता हात घालतो. एल्सबाने डबी लीवच्या जुन्या लाल लोकरी मोज्यात घातली. "हानुस कुणाच्याही मेंढीला हात लावेल, पण मोज्याला लावायचा नाही," ती मला म्हणाली. ते खरं होतं.

गुरुवारी सोल्वा डबी न्यायला आली. बीरिताने त्या दिवशी पाळीवर तासभर उशिरा यायची परवानगी घेतली होती. जेवायची वेळ होती आणि आमच्याकडे जेवायच्या वेळी आलेल्या माणसाला डबी देऊन पाठवत नाहीत. सोल्वाने मोजा हातात घेतला.

"मोजा परत हवाय?"

"हवाय. दुसऱ्या पायाचा इथेच आहे."

सोल्वाने डबी काढून बर्फात ठेवली, मोज्याची घडी घालून परत दिली आणि टेबलाशी बसली. पातेलं मधोमध. लीव माशाचा वडा चिवडत होती. बीरिता म्हणाली, "मी फोनवर विचारलं होतं ते."

"नाळेतल्या रक्ताचा आकडा?"

"हो."

सोल्वाने एल्सबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "इथेच सांगू?"

"माझ्याबद्दल इथे सगळ्यांना सगळंच ठाऊक असतं."

"खालच्यांतला नव्हता. मधल्यांच्याही थोडा वर होता."

बीरिताचा चेहरा उतरला. "पण मी तर खाल्लंच नाही."

"एक तुकडा नाही," एल्सबा म्हणाली. "मी साक्षीला आहे. नऊ महिने नुसते बटाटे. थांब, तुला वाढते." आणि सोल्वाच्या ताटात घालण्यासाठी तिने पळीने वरचा चरबीचा काप बाजूला सारला, खालचा बटाटा उचलला, आणि पळी हवेतच राहिली. बटाट्यावरून चरबीचा पांढरा ओघळ पातेल्यात पडत होता.

मग एल्सबाने तो बटाटा सोल्वाच्या ताटात ठेवला. दुसरं काय करणार? सोल्वाने तो सोलून खाल्ला.

बीरिता उठली. तिने लीवला कोट घातला.

"अगं, तुझी पाळी आहे ना?" मी विचारलं.

"आज नाही जात." दारात ती वळली. "ओम्मा, तुम्ही तर दवाखान्यात माझ्या शेजारी बसला होतात."

"बटाटे कितीही, असं म्हणाली ती," एल्सबा म्हणाली. पण तोवर दार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बीरिता माझ्या कचेरीत आली आणि गुरुवारची पाळी बदलून मागितली. कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी पाळी बदलली. लीव गुरुवारी शाळेतून सरळ घरी जाऊ लागली.

हे आमच्या चौघांतच राहिलं असतं, पण हानुस त्या वेळी तळघरात होता. आठवडा उलटायच्या आत मासे कापायच्या पट्ट्यावर गोष्ट पोचली, आणि पोचेपर्यंत तिच्यातलं पातेलं गळून पडलं होतं. उरलं ते एवढंच, की बीरिताच्या रक्तात देवमासा सापडला. "नुसत्या बटाट्यांनी कुठे असं होतं?" बायका म्हणायच्या. "फ्रीजर उघडाच असतो तिथे. रात्री भूक लागली असेल बिचारीला." कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारची चरबीची ताटली उचलून दुसरीकडे ठेवायचे. काळजीने.

एल्सबाकडे मी जातच होतो. ती पहिल्याइतकेच बटाटे घालायची आणि उरलेले हानुसच्या एडक्याला जायचे. एडका खुशीत होता. खिडकीत उभं राहून विणणं तिने बंद केलं होतं. आता ती टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून विणायची.

"नाताळात लीवचं पोट दुखत होतं," ती एकदा म्हणाली.

"सगळ्याच मुलांचं दुखतं."

"सगळ्यांच्या आज्यांकडे असंच पातेलं असतं."

मी बटाटा घेतला.

"बीरिताला सांग ना, की चूक झाली," मी म्हणालो.

"सांगून काय होणार? तिला ठाऊक आहे. न ठाऊक असणारे दुसरेच आहेत."

त्याच सुमारास गावात दवंडी पिटावी तशी बातमी आली, की सोल्वा गावाच्या सभागृहात शनिवारी दुपारी सगळ्यांना संशोधन समजावून सांगणार आहे, आणि केक आहे. सगळं गाव आलं. सोल्वाने पडद्यावर आतड्याची चित्रं दाखवली, रंगीत ठिपके दाखवले. शेवटी तिने विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

आमच्याकडे सभेत प्रश्न विचारत नाहीत. प्रश्न नंतर घरी जाऊन भलत्याच माणसाला विचारतात. सगळ्यांनी केककडे बघितलं. बीरिता मागच्या ओळीत, दाराजवळ बसली होती. तेव्हा एल्सबा उठली. विणकाम खुर्चीवर ठेवलं, ते घसरलं, उचलून परत ठेवलं.

"एका बाईने देवमासा खाल्ला नाही. पण ज्या पातेल्यात चरबी शिजली त्यातलेच बटाटे खाल्ले. ती तुमच्या कुठल्या रकान्यात?"

सोल्वा काही बोलणार तेवढ्यात एल्सबा पुढे म्हणाली, "बाई माझी सून आहे. पातेलं माझं. तिने रात्री फ्रीजर उघडला नाही. मी तिला पळीने वाढलं. तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण कळलं नव्हतं."

"आम्ही रकाने सांगण्यावरून पाडत नाही," सोल्वा म्हणाली. "रक्तावरून पाडतो. बटाटे त्यात धरलेलेच आहेत."

"मग विचारता कशाला, काय खाल्लं म्हणून?"

"काहीच न विचारता नुसतं रक्त घेतलं तर लोक रागावतात."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं.

"म्हणजे दोष पातेल्याचा?"

"सांगता येत नाही. ही रसायनं अंगात वर्षानुवर्षं राहतात. लहानपणापासून बीरिता जे खात आली तेही त्या आकड्यात आहे."

"म्हणजे तिच्या आईचं पातेलंसुद्धा?"

"तेसुद्धा."

एल्सबाला जरा बरं वाटलेलं दिसलं. बीरिताची आई उत्तरेकडच्या बेटावर राहते आणि तिच्या स्वयंपाकाबद्दल एल्सबाचं मत पूर्वीपासून फारसं बरं नाही.

"मग पातेलं सुटलं?"

"सुटलं नाही. अडकलंही नाही."

"आणि लीव?" हे विचारताना तिचा आवाज बदलला. "तिच्या पोटात काय आहे?"

सोल्वाने पडद्यावर दाखवायची काठी खाली ठेवली. "ज्या आयांचा आकडा जास्त, त्यांच्या मुलांत काही जातींचे जीवाणू कमी दिसतायत, काही जास्त. खूप मुलं एकत्र बघितली तर दिसतं. एका मुलीकडे बघून सांगता येत नाही. आणि त्याने पुढे तिचं काही बिघडतं का, तेही अजून कुणाला माहीत नाही."

"म्हणजे सगळ्या बेटांवरची शी गोळा करून मी होते तिथेच."

"मीही तिथेच आहे," सोल्वा म्हणाली. "आमच्याकडेही आजीचं एकच पातेलं होतं."

एल्सबा "बरं," म्हणून खाली बसली. तिच्या आसपासच्या बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. आपापल्या चुलीकडे बघत होत्या, असं मला वाटलं. मग कुणीतरी केक कापला. केक घेताना पट्ट्यावरच्या दोघी बीरिताजवळ गेल्या आणि हवेबद्दल बोलल्या. आमच्याकडे माफी अशीच मागतात. त्या दिवशी हवा बोलण्यासारखी नव्हती, नुसतं धुकं होतं. तरी त्या बऱ्याच वेळ बोलल्या.

सासू-सून एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. एल्सबाने विणकाम गुंडाळलं आणि ती हानुसबरोबर घरी गेली. वाटेत ती त्याच्याशी काय बोलली ते कळलं नाही, पण त्यानंतर हानुस तळघरात उतरताना वरून हाक मारून येतो.

सोमवारी बीरिता कचेरीत आली. "गुरुवारची पाळी मला परत लावा."

मी लावली.

गुरुवारी मी पोचलो तेव्हा चुलीवर दोन पातेली होती. ॲबरडीनचं मोठं पातेलं मागे, आणि पुढे एक छोटं, नवं, बाजारातल्या चिकटपट्टीची खूण अजून बुडाशी असलेलं. एल्सबा खिडकीत उभी होती. हातात विणकाम होतं, सुया हलत नव्हत्या.

बीरिता लीवला घेऊन आली. बूट न काढताच दारात उभी राहिली, चुलीकडे तिची नजर गेली. दोन्ही पातेल्यांकडे तिने नीट बघितलं.

"ओम्मा, हिला आठ वाजता न्यायला येते," ती म्हणाली. दर गुरुवारी म्हणायची तेच.

"जेवून जाणार नाहीस?"

"पाळी आहे." आणि मग, "माझ्यासाठी ठेवा थोडे. छोट्यातले."

ती गेली. लीव टेबलाशी चढून बसली. एल्सबाने छोट्या पातेल्यातला बटाटा तिला सोलून दिला. लीवने घास घेतला, चावला आणि विचार केला.

"ओम्मा, याला चवच नाही."

"नाहीच आहे," एल्सबा म्हणाली आणि मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली. लीवने मीठ घातलं, पुन्हा खाल्लं, तक्रार केली, आणि तिसरा बटाटा मागितला. एल्सबा शेजारी बसून सोलत होती. खिडकीकडे पाहायचं तिला भान नव्हतं.

मला कुठल्या पातेल्यातले हवेत, हे कुणी विचारलं नाही. माझ्या ताटात मोठ्यातले आले.